तुक्क्याचं वजन

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली की वर्गात एक वेगळीच शांतता पसरायची. आता कुणी विचार करत नसायचं, सगळे उरलेले गोल काळे करत असायचे. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "किती तुक्के मारलेस?" आणि त्यावर ठरलेलं तत्त्वज्ञान, "लागला तर तीर, नाहीतर तुक्का."

तुक्का म्हणजे डोळे मिटून केलेला अंदाज, असं मी पंचविशी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. मग कळलं, की जुन्या हिंदुस्तानी कोशांत तुक्क्याचा अर्थ अगदी साधा दिलेला असतो : टोक नसलेला, बोथट बाण. शब्द फारसीतून आलेला. म्हणजे ती म्हण म्हणते, बाण लागला तर तो खरा तीर होता म्हणायचं, आणि चुकला तर 'अहो, तो तर नुसता बोथट होता' म्हणून अंग काढून घ्यायचं. तुक्का म्हणजे धनुर्विद्येतला कच्चा लिंबू. खेळात आहे, पण मोजायचा नाही.

हा लेख त्या कच्च्या लिंबाच्या बाजूने आहे. कारण गेल्या वर्षी तीन आठवडे मी एका बोथट टोकामुळे हैराण झालो, आणि त्याचं कारण शोधता शोधता बराच मागे, थेट अश्मयुगापर्यंत जाऊन आलो.

पंचवीस दाणे

कामानिमित्त मी सध्या सॅन फ्रान्सिस्कोत राहतो. इथल्या गोल्डन गेट पार्कच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या जवळ, धनुर्विद्येचं एक खुलं मैदान आहे. गवताचे भारे रचलेले, त्यांवर कागदी लक्ष्यं लावायची. रविवारी सकाळी धुकं असतं तेव्हा मी तिथे जातो. माझं धनुष्य 'ट्रॅडिशनल' म्हणतात तसलं. कप्प्या नाहीत, नेम धरायची दुर्बीण किंवा पिन नाही. लाकडी बाण, मागे टर्कीची पिसं, आणि पुढे पोलादाचं एक छोटं निमुळतं टोक. या टोकाला म्हणतात फील्ड पॉइंट. लांबून पाहिलं तर बंदुकीच्या गोळीसारखं दिसतं.

ही टोकं हरवतात. दगडावर आपटून वाकतात, बाण ओढून काढताना भाऱ्यात राहून जातात. म्हणून मी नवीन डझनभर मागवली. जुनी १२५ ग्रेनची होती. ती संपली होती म्हणून मी १०० ग्रेनची घेतली. आकार तोच, रंग तोच. काय फरक पडतो?

पुढच्या रविवारी माझा प्रत्येक बाण डावीकडे गेला. वीस यार्डांवर चांगला वीतभर डावीकडे. मी कोपर तपासलं. बोटं तपासली. श्वास कधी सोडायचा याचे व्हिडिओ पाहिले. तीन आठवडे मी स्वतःला दुरुस्त करत होतो, आणि रोज थोडा जास्त बिघडत होतो. शेवटी मैदानावर नेहमी येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा बाण हातात घेतला, बोटावर तोलून पाहिला आणि विचारलं, की टोकं कधी बदलली? त्यांच्या पेटीत सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा होता. त्यांनी माझं नवीन टोक त्यावर ठेवलं, शेजारी स्वतःचं एक ठेवलं, आणि पुढे काही बोलले नाहीत.

ग्रेन म्हणजे शब्दशः दाणा. इंग्रजांचं हे जुनं वजन जवाच्या दाण्यावरून आलं, जशी आपली गुंज गुंजेच्या बीवरून आली. एका पौंडात ७,००० ग्रेन. बंदुकीची दारू, गोळ्या आणि बाण यांच्या जगात हे माप अजून जिवंत आहे. १२५ ग्रेन म्हणजे साधारण ८.१ ग्रॅम, १०० ग्रेन म्हणजे साधारण ६.५. फरक १.६ ग्रॅमचा. सोनाराच्या भाषेत दीड-पावणेदोन मासे. एवढ्याशा फरकाने बाण डावीकडे कसा जाईल?

याचं उत्तर बाणाच्या लवचीकपणात आहे. धनुष्याची दोरी सुटते तेव्हा ती बाणाला मागून जोरात ढकलते. पुढचं जड टोक लगेच हलायला तयार नसतं. मागून रेटा, पुढून अडवणूक. मधला लाकडी दांडा वाकतो. तो आधी एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या, आणि मासा पाण्यात जातो तसा सळसळत धनुष्याच्या लाकडाला वळसा घालून पुढे निघतो. बाण धनुष्याच्या बाजूला टेकलेला असूनही सरळ समोर कसा जातो, या कोड्याला 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रं काढून हे वाकणं डोळ्यांना दाखवलं.

आता टोक जड असेल तर दांडा जास्त वाकतो. टोक हलकं केलं तर तोच दांडा जास्त ताठ वागतो, धनुष्याला नीट वळसा घालत नाही, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे सरकतो. माझं कोपर ठीक होतं. मी पंचवीस दाणे कमी पेरले होते.

म्हणजे फील्ड पॉइंटचं काम टोचणं हे जेमतेमच. त्याचं खरं काम आहे नेमकं तेवढंच वजन असणं. कशाएवढं? तर शिकारीच्या पात्याएवढं. त्या पात्याला ब्रॉडहेड म्हणतात. वस्तऱ्यासारखं धारदार, दोन किंवा तीन पाती असलेलं. ते रोज गवताच्या भाऱ्यावर मारता येत नाही. भारा फाटतो, धार जाते, बाण उपटताना हात कापतो. बहुतेक मैदानांवर त्याला बंदीच असते. म्हणून त्याच वजनाचं, पण बिनधारेचं टोक लावून सराव करायचा. माझ्या धंद्यात याला स्टेजिंग म्हणतात. खऱ्या सर्व्हरची हुबेहूब नक्कल, जिथे चुकलं तरी कुणाचे पैसे जात नाहीत. आणि स्टेजिंगचा पहिला नियम असा, की नक्कल हुबेहूब नसेल तर तिच्यावर केलेला सराव तुम्हाला फसवतो.

हा नियम माणसाला कधी कळला, हे मला शोधायचं होतं.

बदलता येणारं टोक

धनुष्यबाण किती जुना, यावर वाद आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सापडलेली दगडाची काही छोटी टोकं सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि ती बाणांचीच असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. लाकूड इतकं टिकत नाही, त्यामुळे उरतं ते टोक. बाणाचा बराचसा इतिहास टोकांचा इतिहास झाला आहे तो यामुळेच.

पण कधीकधी लाकूडही टिकतं. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्टेलमूर इथे १९३० च्या दशकात आल्फ्रेड रुस्ट याला दलदलीतून हिमयुगाच्या अखेरीचे, दहा हजारांहून जास्त वर्षं जुने पाइनचे बाण मिळाले. त्यांतले काही दोन तुकड्यांचे होते. मागचा लांब दांडा, आणि पुढे खोबणीत बसणारा वेगळा छोटा दांडा. टोक मोडलं, प्राण्याच्या अंगात राहिलं, तर पुढचा तुकडा बदला आणि मागचा पुन्हा वापरा. सरळ दांडा आणि पिसं यांतच सगळी मेहनत असते. टोक जाणारच हे गृहीत धरलेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत हे मूळ बाण नष्ट झाले.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, त्याच्याकडच्या भात्यात चौदा बाण होते. त्यांतले फक्त दोन पूर्ण झालेले, गारगोटीची टोकं बर्चच्या डिंकाने चिकटवलेली. बाकी बारा अर्धवट. दहा वर्षांनी क्ष-किरणांत दिसलं, की त्याच्या स्वतःच्या डाव्या खांद्यात एक टोक रुतलेलं आहे. बारा बाण तयार करायचे राहून गेलेला माणूस दुसऱ्याच्या तयार बाणाने मेला.

आणि बोथट बाण? तेही जुनेच. डेन्मार्कमध्ये होल्मगार्डच्या दलदलीतून मध्याश्मयुगातले असे लाकडी बाण निघाले, ज्यांचं डोकं गदेसारखं जाड आहे. याने पक्षी किंवा केसाळ छोटे प्राणी मारायचे. ठोसा बसतो, कातडं फाटत नाही. म्हणजे तुक्का मुळात दुय्यम नव्हता. त्याचं काम वेगळं होतं. पण ते काम मारण्याचंच होतं. निव्वळ सरावासाठी वेगळं टोक ही कल्पना पुढची.

गोपुच्छ

तिचा एक स्पष्ट उल्लेख मला घरच्याच परंपरेत मिळाला, आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. शार्ङ्गधर नावाच्या पंडिताने १३६३ मध्ये संस्कृत सुभाषितांचा एक मोठा संग्रह केला, शार्ङ्गधरपद्धती. त्यात धनुर्वेदावर वेगळं प्रकरण आहे. धनुर्वेदाच्या या परंपरेत बाणांच्या फाळांची यादी येते. आरामुख, म्हणजे चांभाराच्या आरीसारखा. क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत म्हणजे वासराच्या दातासारखा, काकतुंड म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. सुईसारखा चिलखतासाठी, अर्धचंद्र मान उडवायला, भल्ल छातीसाठी. महाभारतातल्या लढाया वाचताना ही नावं आपल्या डोळ्यांसमोरून भराभर जातात.

या सगळ्या रक्तबंबाळ यादीत एक नाव शांतपणे बसलेलं आहे : गोपुच्छ. गाईच्या शेपटीसारखा. याचं काम लक्ष्य वेधणं. आणि त्याची रचना अशी सांगितलेली, की तो निव्वळ लाकडाचा असावा, तोंडाशी तीन अंगुळांचा लोखंडी काटा. ना पातं, ना धार.

हा फील्ड पॉइंटच आहे. सरावाच्या टोकाला स्वतःचं नाव, आणि तेही अर्धचंद्राच्या रांगेत. आपल्या म्हणीने ज्याला हिणवलं, त्याला शास्त्राने मानाने बसवलं होतं.

राजाच्या हुकमाने सराव

त्याच १३६३ साली इंग्लंडचा तिसरा एडवर्ड वैतागला होता. माणसं सणासुदीला फुटबॉल खेळतात, कोंबड्यांच्या झुंजी लावतात, आणि धनुष्य घरी धूळ खातं. त्याने हुकूम काढला, की धडधाकट पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी बाण मारण्याचा सराव करावा, बाकीचे खेळ बंद. फ्रान्सशी चाललेल्या लढायांत इंग्लंडची भिस्त लांब धनुष्य ओढणाऱ्या सामान्य शेतकऱ्यांवर होती, आणि ते धनुष्य ओढायला अंग लहानपणापासून घडवावं लागतं.

इंग्लंडचे कायदे वाचताना मला आमच्या ऑफिसातल्या बैठकी आठवल्या. १४०६ चा एक कायदा फक्त बाणांच्या टोकांवर आहे. लोहार निकृष्ट टोकं बनवतात, म्हणून यापुढे ती नीट तापवून, टोकाशी पोलादाने कठीण केलेली असावीत, आणि प्रत्येक टोकावर बनवणाऱ्याची खूण असावी. खराब निघालं तर माल जप्त, वर दंड आणि तुरुंग. कुठल्या ओळीत कुणी घोळ घातला ते शोधायची सोय सहाशे वर्षांपूर्वी लोखंडावर ठोकून ठेवलेली.

पण मला सर्वांत आवडला तो आठव्या हेन्रीचा १५४१ चा कायदा. त्यात दोन कलमं आहेत. चोवीस वर्षांखालच्या मुलांनी एकाच ठरलेल्या खुणेवर बाण मारत बसू नये; त्यांनी 'रोव्हर' पद्धतीने, म्हणजे फिरत फिरत, खूण बदलत मारावेत. आणि चोवीस वर्षांवरच्यांनी २२० यार्डांच्या आतल्या खुणेवर हलके, सरावाचे बाण वापरू नयेत.

हे वाचून मी थांबलो. माझे पंचवीस दाणे कायद्यात होते! हलका बाण लांब जातो, हात कमी दमतो, माणूस स्वतःवर खूश होतो. पण लढाईत जड बाण हातात आला की सगळे अंदाज कोसळतात. राजाला लोकांची करमणूक नको होती, खरा सराव हवा होता. म्हणून त्याने सरावाच्या बाणाचं वजन कायद्यात घातलं. आणि मुलांना खूण बदलायला लावलं, कारण एकाच खुणेवर हजार बाण मारले की माणूस ती खूण शिकतो, नेमबाजी शिकत नाही. मशीन लर्निंगवाले मित्र याला ओव्हरफिटिंग म्हणतात.

चार वर्षांनी, १५४५ मध्ये, रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या शिक्षकाने 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक हेन्रीला अर्पण केलं. इंग्रजीतलं धनुर्विद्येवरचं हे पहिलं पुस्तक मानतात. दोन मित्रांचा संवाद आहे. त्यात टोकांवर चर्चा येते, आणि सरावासाठी ॲस्कम शिफारस करतो ती खांदा असलेल्या टोकांची. चांदीच्या चमच्याच्या दांडीवर असते तशा गोंड्यासारखी. कारण बाण पूर्ण ओढला की तो जाड भाग बोटाला लागतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच ओढला गेला हे न बघता कळतं. वजन सारखं, ओढ सारखी. आजही माझ्यासारखे काही जण बोटाला टोक लागेपर्यंत ओढून हीच खात्री करतात. आमच्यात पावणेपाचशे वर्षं आहेत, पण बोट तेच.

त्याच १५४५ च्या १९ जुलैला हेन्रीचं लाडकं जहाज 'मेरी रोझ' पोर्ट्समथसमोर बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं तेव्हा त्यातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले. चिखलाने लाकूड सांभाळलं. लोखंडाची टोकं मात्र जवळजवळ सगळी गंजून गेली. आफ्रिकेच्या गुहेत टोक उरलं आणि दांडा गेला. इथे दांडा उरला आणि टोक गेलं.

बाटलीच्या काचेचं टोक

बंदूक आल्यावर हे सगळं खेळ होऊन बसलं. अमेरिकेत १८७९ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली, हिरवळीवर रंगीत वर्तुळं आली, टोपी घातलेले स्त्री-पुरुष आले. मैदानाचं अंतर ठरलेलं, लक्ष्य ठरलेलं. चोवीस वर्षांखालच्यांना हेन्रीने जे करू दिलं नसतं, ते सगळे करू लागले.

ते बदललं त्याचा एक धागा माझ्या मैदानापासून काही किलोमीटरवर सुरू होतो. २९ ऑगस्ट १९११ ला कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात एक भुकेलेला माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा माणूस होता. त्याच्या लोकांना १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी बंदुकांनी टिपून मारलं होतं. उरलेले मूठभर चाळीस वर्षं डोंगरदऱ्यांत लपून राहिले. १९०८ मध्ये मोजणीदारांना त्यांची वस्ती सापडली, तेव्हा त्यांनी तिथली हत्यारं आणि सामान उचलून नेलं. त्यानंतर तो एकटा उरला. स्वतःचं नाव त्याने कुणाला सांगितलं नाही. विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस.

इशीला पार्कलगतच्या टेकडीवरच्या संग्रहालयात ठेवलं. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय, तिथे सॅक्स्टन पोप हा सर्जन शिकवायचा. दोघांची मैत्री झाली आणि पोप त्याच्याकडून बाण बनवायला शिकला. इशी काळ्या ज्वालामुखी काचेची टोकं घडवायचा. ती नसेल तर फुटक्या बाटलीच्या काचेची. बोथट हत्याराने कडेवर दाब देऊन एकेक कपची उडवायची, आणि ढेकळासारख्या तुकड्यातून पानासारखं नाजूक पातं निघायचं. पाहायला आलेल्या लोकांना तो ती भेट देत असे.

पोपने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. साठ यार्डांवरच्या रंगीत वर्तुळावर इशी काही विशेष नव्हता. दहा-वीस यार्डांवरच्या सशाएवढ्या लहान वस्तूवर मात्र त्याचा हात उत्तम. मला यात नवल वाटत नाही. त्याने आयुष्यात वर्तुळं मारली नव्हती. त्याचा सराव त्याच्या गरजेएवढा आणि गरजेच्या आकाराचा होता.

२५ मार्च १९१६ ला इशी क्षयाने गेला. त्याच्याबरोबर धनुष्य, बाण, बलुताच्या फळांचं पीठ ठेवून दहन केलं. पण त्याआधी शवविच्छेदन झालं, आणि त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो परत मिळायला २००० साल उजाडलं. मी दर रविवारी जो खेळ खेळतो, त्याच्या मुळाशी हे आहे. ज्यांनी त्याचं जग बंदुकीने संपवलं त्यांच्याच समाजातल्या एका डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतलं, आणि त्या समाजाला त्याचं वेड लावलं. पोपचं 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' १९२३ मध्ये आलं आणि एक पिढी रानात शिरली.

त्याच पुस्तकात बोथट बाणाची कृती आहे. लाकडाच्या टोकाला कल्हई केलेली बारीक तार गुंडाळायची, त्यावर डाग द्यायचा, भोक पाडून गोल डोक्याचा इंचभर स्क्रू बसवायचा. घरच्या घरी तुक्का. पुढे लाकडी बाणवाल्यांनी पिस्तुलाच्या .३८ स्पेशल गोळीची रिकामी पुंगळी बाणाच्या टोकावर ठोकून बसवायला सुरुवात केली. जाडी बरोबर जुळते, वजनही बरं. बंदुकीचा रिकामा झालेला भाग बाणाच्या सरावाला लागला, हे इशीला कसं वाटलं असतं कोण जाणे.

रानातली वर्तुळं

१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या या शिकारी मंडळींना हिरवळीवर रांगेत उभं राहून बाण मारणं कंटाळवाणं वाटायला लागलं. त्यांनी लक्ष्यं झाडीत नेऊन ठेवली. चढावर, उतारावर, झाडाच्या फटीतून. गोल्फसारखं एकीकडून दुसरीकडे चालत जायचं. १९३९ मध्ये राष्ट्रीय फील्ड आर्चरी संघटना स्थापन झाली. तिच्या एका डावात अठ्ठावीस लक्ष्यं, प्रत्येकी चार बाण, अंतर वीस फुटांपासून ऐंशी यार्डांपर्यंत. फील्ड पॉइंटमधलं फील्ड हेच. चारशे वर्षांनी हेन्रीचा रोव्हर परत आला होता, फक्त राजाच्या हुकमाशिवाय.

आता टोकही तसं हवं होतं. झाडात, ओंडक्यात घुसेल पण निघेल. दगडावर वाकणार नाही. आणि शिकारीच्या पात्याएवढं वजन. मग अॅल्युमिनियमचे पोकळ बाण आले, नंतर कार्बनचे, आणि टोक आट्यांवर फिरवून बसवायची सोय झाली. आट्यांचं माप धंद्याने एक ठरवलं, ८-३२, म्हणजे इंचाला बत्तीस आटे. त्यामुळे एका कंपनीचं टोक दुसऱ्या कंपनीच्या बाणात बसतं. श्टेलमूरच्या शिकाऱ्याने खोबणीत बसवलेला पुढचा तुकडा पुन्हा एकदा शोधला गेला.

लाकडी बाणाला मात्र अजून जुनीच पद्धत. दांड्याचं टोक पेन्सिलीसारखं पाच अंशांत तासायचं आणि पोलादी टोक गरम डिंकाने चिकटवायचं. त्या गृहस्थांनी मला ते शिकवलं. तापवायचं ते धातूला, लाकडाला नव्हे, नाहीतर लाकूड करपून ठिसूळ होतं. चिकटवल्यावर बाण नखावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवायचा. थरथरला तर टोक तिरकं बसलंय, पुन्हा तापवा.

निवडायचं कसं, तेही त्यांनीच सांगितलं. आधी दांड्याची जाडी पाहा. अकरा-बत्तीसांश इंचाच्या दांड्याला त्याच मापाचं टोक, म्हणजे सांध्याला कंगोरा राहत नाही आणि भाऱ्यातून उपटताना अडकत नाही. मग पूर्ण बाणाचं वजन धरा. धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडाला आठ ते दहा ग्रेन हा जुना, सुरक्षित अंदाज. माझं धनुष्य चाळीस पौंडांचं, म्हणून बाण चारशे ग्रेनच्या आसपास. फार हलका बाण धनुष्याचेच हाल करतो. मग १२५ पासून सुरुवात करा आणि जवळून, पिसं नसलेला बाण मारून पाहा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा असा बाण उजवीकडे गेला तर दांडा जास्त वाकतोय, टोक हलकं करा. डावीकडे गेला तर जड करा. एकदा ठरलं की डझनातलं प्रत्येक टोक काट्यावर ठेवा. पाकिटावर लिहिलेला आकडा हा दावा असतो, पुरावा नव्हे.

शिकारीला जाणाऱ्यांसाठी त्यांनी एक इशाराही जोडला. वजन सारखं असलं तरी ब्रॉडहेडची पाती वाऱ्यात छोट्या पंखांसारखी वागतात. म्हणून शेवटी खरं पातं लावूनच तपासायचं, आणि तोवर प्राण्यावर बाण सोडायचा नाही. चुकलेल्या बाणाने जखमी जनावर दिवस दिवस रानात फिरतं. स्टेजिंगवर चाललं म्हणजे प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही.

मी शिकार करत नाही, करणारही नाही. त्यामुळे मला बरेच दिवस एक प्रश्न छळत होता. माझा फील्ड पॉइंट ज्या पात्याची सावली आहे, ते पातं मी कधी लावणारच नाही. मग मी कशाचा सराव करतोय?

१२५ ची टोकं परत बसवली त्या रविवारी उत्तराचा थोडा अंदाज आला. बाण मधोमध लागायला लागले असं काही झालं नाही. काही वर गेले, काही खाली, एक भाऱ्याच्या मागे गवतात गेला. पण आता ते सगळे एकाच बाजूला जात नव्हते. आता प्रत्येक चूक माझी होती. या बाणाला कोपर पडलं, त्याला बोट अडखळलं, हे मला ओळखता येत होतं. तीन आठवडे मी ज्या चुका दुरुस्त करत होतो त्या माझ्या नव्हत्याच. खोट्या वजनाच्या बाणाने मला माझ्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि मी ते मुकाट्याने ऐकलं होतं.

गवतात हरवलेला बाण शोधायला मी वीस मिनिटं वाकून फिरलो. धुकं ओसरत होतं. शेवटी पाय लागून तो सापडला. टोकाला चिखल लागला होता. पँटला पुसून मी ते काट्यावर ठेवलं.

एकशे पंचवीस.